टाळूचं बूच आणि तिसऱ्या अंकातलं गाणं

साउथहॅम्प्टनच्या आमच्या मंडळात गणपतीच्या आरतीला उभं राहिलं की पुढच्या रांगेत डॉक्टर, मधल्या रांगेत डॉक्टर आणि मागे नुकतेच आलेले आयटीवाले. नवीन ओळख झाली की प्रश्न ठरलेला, "तुम्ही कशातल्या?" माझे यजमान श्रीकांत भूलतज्ज्ञ, त्यामुळे मीही कशातली तरी तज्ज्ञ असणार अशी लोकांची समजूत. "मी दात करते," असं मी सांगायची. "म्हणजे डेंटिस्ट?" "नाही. डेंटिस्ट दात काढतात. मी करते." यानंतर समोरचा माणूस बहुतेक वेळा प्रसादाकडे वळत असे.

आता निवृत्त झाले आहे, तेव्हा दिवाळी अंकाच्या निमित्ताने एकदा नीट सांगून टाकते. मी नागपूरला डेंटल मेकॅनिकचा कोर्स केला. लग्न होऊन इथे आले आणि परीक्षा पुन्हा देऊन एका खाजगी लॅबमध्ये कवळ्या करायला लागले. आमचं गाव बंदराचं. क्रूझवर निघालेले म्हातारे लोक पहिल्याच लाटेला कठड्यावरून ओकत आणि कवळी समुद्राला अर्पण करत. परत येऊन आमच्याकडे रांग लावत. एका आजींनी तर सलग दोन वर्षं कवळी बुडवली आणि तिसऱ्या वर्षी मला विचारलं, "हिला दोरी लावता येईल का गं?" मी हसले, पण नंतर खरंच विचार केला.

पुढे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि हसण्याचे प्रसंग कमी झाले. तिथे आम्ही माणसांचे चेहरे पुरे करत असू. अपघातात गेलेला कान, कर्करोगात काढलेला डोळा, नाक. आणि सगळ्यात जास्त काम टाळूचं. वरच्या जबड्यात कर्करोग झाला की कधी कधी अर्धा जबडा टाळूसकट काढावा लागतो. मग तोंड आणि नाक यांच्यामधली भिंतच उरत नाही. पाणी प्यायलं की नाकातून येतं. बोलायला गेलं की सगळा वारा नाकात जातो आणि घरच्या माणसालाही शब्द कळत नाही. त्या भोकात बसेल असा एक गोळा आणि त्याला जोडलेली दातांची कवळी, असा एक तुकडा आम्ही करतो. त्याला मोठं लॅटिन नाव आहे. मी घरी बूचच म्हणायची, आणि श्रीकांत दर वेळी "अगं, पेशंटसमोर म्हणू नकोस हं" अशी आठवण करून द्यायचे. जणू काही माझे पेशंट वऱ्हाडातले होते.

हे बूच जड असून चालत नाही. त्याला वरून लटकून राहायचं असतं, तेही उरलेल्या चार-दोन दातांच्या जिवावर. म्हणून ते आतून पोकळ करायचं. गोळ्याचे दोन भाग वेगळे बनवायचे, मधे हवा ठेवायची आणि झाकण असं चिकटवायचं की सांधा नखाला लागू नये. मग कोमट पाण्याच्या भांड्यात सोडायचं. बुडबुडे आले तर सांधा फुटका. बुडबुडे न येता बूच वर तरंगलं, तर काम जमलं. माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत आवडणारा क्षण हा. कुणी न सांगता मिळालेली शाबासकीच ती.

योझेफ माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या ऑपरेशनला काही महिने झाले होते. साठीच्या आसपासचा, उंच, पोलंडहून येऊन आमच्या गावात बस चालवणारा माणूस. टाळूला तात्पुरती प्लेट लावून तो बोलायचा, पण काही समजायचं नाही, म्हणून बायको हालिना सोबत यायची आणि त्याचं बोलणं आम्हाला सांगायची. आम्ही सगळ्या पेशंटना विचारतो, तुम्हाला यातून काय हवं आहे? कुणी म्हणतं स्टेक खायचाय, कुणी म्हणतं नातवाशी फोनवर बोलायचंय. योझेफ बराच वेळ काहीतरी म्हणाला. हालिनाने मान खाली घालून ऐकलं आणि मला सांगितलं, "गाण्याला बसेल असं करा, म्हणतोय."

मग हळूहळू सगळी हकिगत कळली. इथल्या पोलिश लोकांचा एक क्लब आहे. त्यात प्लंबर, नर्सेस, गोदामात काम करणारे, सगळे हौशी गाणारे. चर्चच्या हॉलमध्ये ते एक ऑपेरा बसवत होते. एकोणिसाव्या शतकातला, पोलंडमधला, विनोदी. त्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. आपल्या संगीत नाटकाची आणि त्याची जातकुळी फार लांबची नाही, फक्त यांच्यात चहा मागायचा तरी गाऊनच मागायचा असतो.

गोष्ट साधी. एका जमीनदाराच्या घरी एक भयंकर बडबड्या कारभारी असतो. जमीनदार त्याच्याशी पैज लावतो की सुगीच्या जेवणापर्यंत तू गप्प राहून दाखव. राहिलास तर गिरणी तुझी. बोललास तर तुझ्या मुलीचं लग्न तिच्या आवडत्या पोराशी लावायचं, जो कारभाऱ्याला डोळ्यासमोर नको असतो. त्यामुळे अख्खं गाव त्याला बोलतं करायच्या मागे लागतं. दोन अंक हा माणूस रंगमंचावर आहे आणि एक शब्द बोलत नाही. नुसते डोळे, हात आणि लाल होत जाणारं तोंड. तिसऱ्या अंकात पंगत बसते, कुणीतरी कोबीच्या भाजीत साखर घालायला निघतो, आणि मग मात्र त्याला राहवत नाही. जे काय तुंबलेलं असतं ते एका लांबलचक गाण्यात बाहेर पडतं. सुरुवात संथ, मग वेगात, मग आणखी वेगात, शेवटी शब्दांचा नुसता पाऊस. पैज जाते, पोरीचं लग्न होतं, पडदा.

योझेफ हा तो कारभारी. आजार कळला त्याच्या आधीच त्याची निवड झाली होती. क्लबवाल्यांनी भूमिका दुसऱ्या कुणाला दिली नाही, प्रयोगच पुढे ढकलला. "दोन अंक तर तो आत्ताही करू शकतो," हालिना म्हणाली. तिला हसवायचं होतं की रडायचं होतं, मला कळलं नाही. मी माप घ्यायला सुरुवात केली.

कवळी बसली की आम्ही पेशंटला काही शब्द म्हणायला लावतो. स, श, फ, व. इंग्रजी शब्दांची आमची ठरलेली माळ होती. योझेफला ती चांगली जमली, पण हालिना मान हलवेना. ती डोळे मिटून बसायची आणि त्याने पोलिशमध्ये काही म्हटलं की "नाही" म्हणायची. मग मी कान देऊन ऐकलं, तेव्हा लक्षात आलं. पोलिशमध्ये आपल्यासारखे दोन च आहेत. चिमणीतला एक आणि चोचीतला एक. आमच्या लॅबमधल्या कुणाला तो फरक ऐकू येत नव्हता, त्यांच्या भाषेत तो लागतच नाही. मी योझेफला म्हटलं, "म्हणा, चिंच." त्या एका शब्दात दोन्ही च येतात. तो म्हणाला. पहिला बरा आला, दुसरा नाकातून फुर्र झाला. मी बूच काढलं, मागच्या कडेला मेणाचा पातळ थर चढवला, परत घातलं. चिंच. परत काढलं. असं किती वेळा केलं याचा हिशोब नाही. चिंच म्हणजे काय ते सांगितल्यावर तो म्हणाला की आता तोंडाला पाणी सुटतंय, आणि ते पाणी नाकातून येत नाहीये.

शेवटी एके दिवशी हालिनाने डोळे उघडले आणि नुसतं "हं" म्हटलं. योझेफ उभा राहिला आणि दारात जाऊन त्या गाण्याच्या पहिल्या चार ओळी त्याने म्हटल्या. शेजारच्या खोलीतून नर्स आली, कुणाचा रेडिओ चालू आहे बघायला. मी त्याला बूच कसं धुवायचं, कुठे ठेवायचं याच्या सूचना देत राहिले.

त्यानंतर तो तपासणीला आला की दारातूनच "चिंच, मंजिरीबाई" म्हणायचा. बाईमाणसाला आदराने बोलवायची त्यांची एक पद्धत आहे, तिचं मराठीत एवढंच होतं. तालमी जोरात चालल्या होत्या. वेग वाढला की श्वास पुरत नाही म्हणून तो बस डेपोभोवती चकरा मारत होता. प्रयोगाची तारीख ठरली, आम्हाला दोन तिकिटं आली. श्रीकांत म्हणाले, "पोलिश ऑपेरा? सबटायटल्स असतील ना?" मी म्हटलं, "चर्चचा हॉल आहे हो, कॉफी मिळाली तरी पुष्कळ."

प्रयोग तोंडावर आला असताना योझेफ अपॉइंटमेंट नसताना आला. बूच हलतं आहे म्हणाला. एका बाजूला टोचतं, पूर्वीसारखं चपखल बसत नाही. "बहुतेक पावाचा कडक तुकडा चावला. थोडं घासून द्या."

आमच्याकडे एक पांढरी पेस्ट असते. ती बुचाला लावायची, तोंडात बसवायचं आणि काढून बघायचं. जिथे दाब पडतो तिथली पेस्ट पुसली जाते. मी काढून पाहिलं. वरच्या आतल्या बाजूला पेस्ट पार निघून गेली होती. त्या जागी मी स्वतः मोकळी जागा सोडली होती. आता तिथे काहीतरी होतं.

ॲक्रिलिक, म्हणजे बुचाचं प्लास्टिक, वाढत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. काल बसणारी वस्तू आज बसत नसेल तर वस्तू बदललेली नसते. योझेफ माझ्या तोंडाकडे बघत होता. मी पेस्ट पुसली आणि म्हटलं, "कन्सल्टंटना एकदा बघू दे."

"फक्त घासायचं तर आहे," तो म्हणाला.

"घासून देईन. आधी ते बघतील."

कन्सल्टंट आले, त्यांनी दिवा लावून बराच वेळ पाहिलं आणि समोर खुर्ची ओढून बसले. उभ्याने सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात. आजार परत आलाय असं वाटतं म्हणाले, स्कॅन करू, तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. हालिना त्या दिवशी कामावर होती. योझेफने सगळं ऐकून घेतलं आणि प्रयोगाची तारीख सांगितली. तोवर थांबलं तर चालेल का?

कन्सल्टंट म्हणाले, "थांबा. तेवढ्याने काही फरक पडणार नाही."

हॉस्पिटलात इतकी वर्षं काढल्यावर या वाक्याचा अर्थ मला कळत होता. घाई करण्यासारखं असतं तेव्हा ते लोक घाई करतात. योझेफलाही कळला असावा. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आता घासा."

मी घासलं. गोळ्याची भिंत मुळातच पातळ, त्यात घासायला जागा थोडी. जास्त घासलं तर भोक पडणार, कमी घासलं तर टोचणार. शिवाय जितकं घासावं तितकी वाऱ्याला वाट मिळणार. कुठे थांबायचं हे हाताला कळतं असं आम्ही म्हणतो, पण त्या दिवशी माझ्या हाताला काही कळत नव्हतं. शेवटी त्याने चिंच म्हटलं, दोन्ही च आले, आणि मी थांबले. अजून एक हात कमी मारला असता तर, असं मला आजही वाटतं. निवृत्त माणसाला असल्या गोष्टी उगाळायला वेळ भरपूर असतो.

हॉल भरला होता. ऑर्केस्ट्रा नव्हता, एक पियानो होता. पडद्याच्या जागी कुणाच्या तरी घरच्या चादरी. पहिले दोन अंक मी भाषा न कळता पोट धरून हसले. योझेफ एक शब्द न बोलता नुसता भुवया उडवत होता आणि मागच्या रांगेतली पोरं लोळत होती. श्रीकांत माझ्या कानात म्हणाले, "अगं, हा तर ब्रिलियंट आहे. तुझाच पेशंट ना?" मी त्यांना आदल्या आठवड्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. पेशंटची गोष्ट घरी आणायची नाही हा आमचा दोघांचा नियम.

तिसऱ्या अंकात पंगत मांडली. कोबीचं पातेलं आलं. साखरेचा डबा उघडला. योझेफ ताडकन उठला आणि त्याने तोंड उघडलं.

संथ भाग स्वच्छ गेला. मी खुर्चीची कड धरून बसले होते. मग वेग वाढला, तोही निभावला. मला शब्द कळत नव्हते, पण प्रत्येक च आपापल्या जागी पडत होता. लोक टाळ्यांनी ताल धरायला लागले. आणि शेवटच्या, सगळ्यात वेगाच्या फेरीत बूच एका बाजूने सुटलं. वारा नाकात गेला. एक अख्खी ओळ बदकासारखी गेंगाणी बाहेर आली.

हॉल हसून फुटला. त्यांना वाटलं, रागाने बोबडी वळल्याचं हे सोंग आहे. योझेफ क्षणभर थबकला. मग त्याने अंगठा तोंडात घालून बूच वर दाबलं, पण ते असं की जणू पंगतीतल्या लोकांना वेडावून दाखवतोय, आणि पुढची ओळ मुद्दामच नाकातून म्हटली. लोक आणखी हसले. शेजारी श्रीकांत डोळे पुसत होते हसून. त्या हॉलमध्ये तिघंच हसत नव्हतो. मी, समोर पियानोवाल्याची पानं उलटणारी हालिना, आणि सगळ्यांना हसवणारा तो. शेवटची ओळ त्याने अंगठा तसाच ठेवून पूर्ण केली. लोक उभे राहिले. मी बसूनच होते.

घरी येताना गाडीत मी श्रीकांतना सगळं सांगितलं, नियम मोडून. त्यांनी गाडी घरापुढे लावली. मग म्हणाले, "मी किती हसलो गं." मी म्हटलं, "त्याला तेच हवं होतं." हे खरं होतं की मी त्यांची समजूत काढत होते, मलाही सांगता येणार नाही.

पुढचं लवकर झालं. औषधं झाली, मग औषधं थांबली. बूच बसायचं बंद झालं. शेवटचा आला तेव्हा व्हीलचेअरवर होता, तोंडात काहीच नव्हतं, डावा गाल आत गेला होता. दारातून त्याने काहीतरी म्हटलं. नुसता वारा होता तो, दोन ठिकाणी थोडा अडखळलेला. मला बरोबर कळलं. "चिंच," मी म्हटलं, "योझेफ."

तो गेल्यावर हालिना लॅबमध्ये आली. त्यांच्यात शवपेटी उघडी ठेवतात, माणसं शेवटचा चेहरा पाहतात. पोलंडहून त्याचे भाऊ येणार होते. अंत्यसंस्कारवाल्यांनी गालात कापूस भरून पाहिला होता, पण तो कुणी भलताच माणूस दिसत होता. "तुम्ही काही करू शकाल का?" तिने विचारलं. मी आमच्या मॅनेजरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मला काही ऐकू आलं नाही, मंजिरी," आणि स्वतःच्या हाताने मटेरियलच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

त्याच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा माझ्या फळीवर होता. त्यातलं भोक अंदाजाने थोडं भरून, लहान करून मी काम सुरू केलं. आता या बुचाला वारा अडवायचा नव्हता की पाणी अडवायचं नव्हतं. फक्त गाल आतून उचलून धरायचा होता. पाठीवर निजलेल्या माणसाला वजनाचा काय त्रास? भरीव गोळा पटकन झाला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

मी दोन भाग वेगळे केले. मधे हवा ठेवली. झाकण चिकटवलं, सांधा घासला, नख फिरवून पाहिलं. भांड्यात कोमट पाणी घेतलं आणि बूच सोडलं. एकही बुडबुडा आला नाही. तरंगलं ते. या वेळी त्याचा आनंद झाला नाही, नुसतं पाण्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी आणि हालिना त्याला ठेवलं होतं तिथे गेलो. तिथला माणूस आम्हाला आत सोडून बाहेर थांबला. मी पिशवीतून बूच काढलं, तेव्हा हालिनाने हात पुढे केला. तिने ते तळहातावर घेतलं आणि थोडं वर-खाली करून पाहिलं. त्याचं जुनं बूच रोज सकाळी तीच धुऊन त्याच्या हातात देत असे.

"तितकंच हलकं आहे," ती म्हणाली. "आता कशाला इतकं हलकं केलंत?"

"गाण्याला बसेल असं सांगितलं होतंत ना तुम्ही," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले, क्लिनिकमध्ये मिटायची तसे. मी बूच बसवलं. गाल वर आला. मग आम्ही दोघींनी मिळून त्याचं तोंड मिटवलं.